शून्य ठिपक्यांचं शिबिर

कोणतीही नवी भाषा शिकण्यातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे विद्यार्थ्याला आधीपासून येत असलेली भाषा, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. मूल जन्माला येतं तेव्हा त्याला कुठलीच भाषा येत नसते, आणि म्हणूनच ते दोन-अडीच वर्षांत एक भाषा सफाईनं उचलतं. पुढे जन्मभर त्याला दुसरी धड येत नाही, कारण पहिली मध्ये कडमडते. तेव्हा पहिली बाजूला काढली की दुसरी आपोआप आत येऊन बसेल, इतकं हे सोपं आहे. (बाजूला काढलेली भाषा सहा दिवस कुठे ठेवायची, याबद्दल परिपत्रकात मार्गदर्शन नव्हतं.)

या तत्त्वावर एका नावाजलेल्या शाळेनं आपल्या हिब्रूच्या अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांसाठी सहा दिवसांचं निवासी शिबिर भरवलं. शाळेत हिब्रूच का, हे कुणी विचारत नसे. पलीकडच्या शाळेनं जपानी सुरू केल्यावर या शाळेला काहीतरी करणं भागच होतं. जपानी येणारा एखादा माणूस गावात निघण्याची आणि तो मुलांची परीक्षा घेत बसण्याची भीती होती. हिब्रूच्या बाबतीत ती नव्हती, निदान तेव्हा तसं वाटलं होतं. शिवाय ही लिपी उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे मेंदूची आजवर बंद राहिलेली बाजू उघडते, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. पालकांनी आपापल्या मुलांच्या डोक्यांकडे एकदा पाहिलं आणि त्यांना ते पटलं.

शिबिरार्थींमध्ये आठवीतली एक मुलगी होती. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथेच राहिलं. सगळे तिला टकळी म्हणत. सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं तोंड जे चालू होई, ते झोपेपर्यंत बंद पडत नसे. टकळीला हिब्रूत शंभरपैकी ब्याण्णव होते. हे ब्याण्णव गुण पूर्णपणे लेखी होते. तीन वर्षांत वर्गात ती भाषा कुणी मोठ्यानं बोललेली तिनं ऐकली नव्हती. भाषेच्या बाई स्वतः पुस्तकांवरून शिकलेल्या, त्यांना आपल्या उच्चारांची खात्री नव्हती, म्हणून त्या सगळं फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "मनात वाचा."

बाकीची सत्तेचाळीस मुलं शिबिराला प्रमाणपत्रासाठी आली होती. टकळी आली होती ती आजोबांसाठी.

हे तिच्या आईचे वडील. त्यांचं लहानपण हिब्रूच्या मुलखात गेलं होतं. बाराव्या वर्षी इकडे आले, इकडचेच झाले, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आणि ती जुनी भाषा घरात कधी काढलीसुद्धा नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि नंतर शिकलेल्या सगळ्या भाषा पुसल्या जाऊन सगळ्यात पहिली तेवढी राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. ते आणखीही पुष्कळ म्हणाले, पण घरच्यांच्या लक्षात एवढंच राहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला, कारखान्याचा भोंगा वाजला की आजोबा खुर्चीत ताठ बसत, नजर वर लावत आणि दोन-तीन वाक्यं म्हणत. तीच वाक्यं, त्याच क्रमानं, आणि दिवसागणिक थोडी जास्त कळकळीनं. प्राचीन भाषा, वर लागलेली नजर, ठरलेली वेळ. ही प्रार्थना आहे हे ओळखायला आईला दुसरा दिवस लागला नाही. मग आई गॅस बंद करून हात जोडून उभी राहू लागली. मामा दाढीचा साबण तसाच ठेवून उभा राहू लागला. शेजारच्या काकू गुडघ्याच्या दुखण्यासाठी येऊ लागल्या आणि दीड महिन्यात त्यांना चाळीस टक्के फरक पडला (हा आकडा काकूंचाच). मामानं तर प्रार्थना फोनवर मुद्रित करून घेतली. नोकरीच्या मुलाखतीला आत जाण्याआधी तो ती कानाला लावून ऐकत असे.

"अगं, तुला ब्याण्णव आहेत ना?" आई म्हणाली. "मग सांग की काय म्हणतात ते. लिहून भिंतीवर लावू."

टकळीनं कान देऊन ऐकलं. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. कागदावर जी अक्षरं एकेक सुटी उभी असत, ती आजोबांच्या तोंडून एकमेकांचे हात धरून पळत येत. "खूप जुनी हिब्रू आहे," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी आदरानं मान हलवली.

पण तिच्या मनाला एक गोष्ट डाचत होती. म्हणून झाल्यावर आजोबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत. चहा सांगून झाल्यावर कपाची वाट पाहावी, तसे. मग डोळे मिटून घेत. घरात बडबडी माणसं दोनच, ती आणि आजोबा. सहा महिने त्या दोघांचं बोलणं बंद होतं. तिला त्यांची फार आठवण येई, आणि ते समोरच बसलेले असत. म्हणून 'सहा दिवसांत हिब्रू बोला' असा कागद शाळेत लागला, तेव्हा तिनं पहिलं नाव दिलं.

शिबिर गावाबाहेरच्या एका रिकाम्या वसतिगृहात होतं. दोन लांब खोल्या, पत्र्याचे पलंग, एक भोजनगृह आणि त्याच्या मागे वाफेनं कोंदलेलं स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी फाटकाशी उभं राहून प्रत्येकाला 'शालोम' म्हटलं. सरांना हिब्रूतले तीन शब्द येत असत. त्यातला तिसरा कोणता, हे त्यांना त्या क्षणी आठवत नव्हतं. मग नियम वाचून दाखवण्यात आले. मुलांना ते कळावेत म्हणून मातृभाषेत वाचण्यात आले, आणि वाचून संपताच मातृभाषेवर बंदी घालण्यात आली.

नियम असे होते. आवारात मातृभाषेचा उच्चार करू नये. केल्यास दर शब्दाला एक काळा ठिपका देण्यात येईल. पाच ठिपके झाल्यास भांडी घासण्याची एक पाळी करावी लागेल. (ही शिक्षा नसून 'जीवनकौशल्य' असल्याचा खुलासा तळटीपेत होता.) ठिपक्याविरुद्ध अपील करता येईल, मात्र ते हिब्रूत करावं. हे नियम विद्यार्थी, शिक्षक आणि कामगार, सर्वांना लागू राहतील. यातून फक्त प्रशासनाला सूट, कारण प्रशासन हिब्रूत चालत नाही. प्रशासन म्हणजे मुख्याध्यापक आणि भूगोलाचे सर.

भूगोलाच्या सरांकडे दक्षता होती. गळ्यात शिट्टी, हातात नोंदवही, आणि कान असे की दोन भिंतींपलीकडची कुजबुज मोजून घेत. पलंगाच्या कोपऱ्यावर अंगठा आपटून एक मुलगा "आई गं" म्हणाला, त्याला दोन ठिपके मिळाले. त्यानं अपील करायचं ठरवलं, पण अंगठ्याला हिब्रूत काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं. पहिल्या दिवसअखेर एकूण ठिपके दोन हजार तीनशे सोळा झाले. त्यातले एकसष्ट टकळीचे. म्हणजे बारा पाळ्या, वर एक ठिपका.

मुलं हुशार होती, चांगल्या शाळेतली होती. मातृभाषा बोलली की ठिपका पडतो, हिब्रू बोलावी तर येत नाही, आणि काहीच बोललं नाही तर काहीच होत नाही, हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्यापर्यंत ध्यानात आलं. मीठ हवं असलं की बोट दाखवायचं. नको असलं की बोट दाखवायचं नाही. ठिपके आठशेचारवर आले, तिसऱ्या दिवशी एकशेनव्वदवर. चौथ्या दिवशी भोजनगृहात चमचे वाजल्याचे आवाज येऊ लागले, ते खटकले म्हणून चमचे हळू टेकवण्याच्या सूचना फलकावर लागल्या. नववीतल्या एका मुलीनं तर फाटकातून आत आल्यापासून ओठच उघडले नव्हते. खोकलासुद्धा ती आतल्या आत खोकत असे. तिला सगळे कुलूप म्हणू लागले, अर्थात मनातल्या मनात.

"इतकी शिस्त मी तीस वर्षांत पाहिली नाही," मुख्याध्यापक भूगोलाच्या सरांना म्हणाले. "भाषा अशीच शिकावी लागते."

या सगळ्याची नोंद 'नमुना सात' या तक्त्यात होत असे. तो शाळेनं मुळात वाचनालयाच्या शांतता पंधरवड्यासाठी छापून घेतला होता; चारशे प्रती उरल्या होत्या, म्हणून वरचं नाव खोडून 'हिब्रू' असं करण्यात आलं. रकाने उत्तम होते: नाव, इयत्ता, निषिद्ध शब्द, पाळ्या, गोंगाट, शेरा. किती शब्द हिब्रू बोलले, असा रकाना त्यात नव्हता. तशी गरज शांतता पंधरवड्यात पडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इथेही पडत नव्हती.

टकळीनं दुसऱ्या दिवशीही गप्प बसण्याचा मनापासून प्रयत्न केला आणि चव्वेचाळीस ठिपके मिळवले. भूगोलाच्या सरांनी हिशोब मांडला. कालचा एक धरून नऊ पाळ्या, आधीच्या बारा, एकूण एकवीस. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर शिबिर संपल्यावरही तिला दोन दिवस थांबून भांडी घासावी लागणार होती. भांडी सात जणांपुरतीच होती, म्हणून सर्वांत जास्त ठिपक्यांच्या सात जणांची टोळी दुसऱ्या दिवशी सकाळीच केली होती, आणि ती तिच्यात होती. सातही जण शाळेत बोलण्याबद्दल ख्यातनाम होते.

पहिल्या पाळीला टकळी रडवेली झाली होती. सहा दिवसांतला एक संपला होता, आणि हिब्रूऐवजी पुढ्यात होती अठ्ठेचाळीस ताटं, तितक्याच वाट्या आणि तळाशी करपलेलं एक सूपचं पातेलं. त्या पातेल्याला तिनं हात लावला, तोच पाठीमागून कुणीतरी काहीतरी ओरडलं. ती दचकून बाजूला झाली आणि ती उभी होती त्या जागेवरून उकळत्या पाण्याची बादली गेली.

बादली मावशींच्या हातात होती. शिबिराच्या कामगारांच्या यादीत मावशींपुढे 'भांडी व इतर' एवढंच लिहिलेलं होतं. इतरमध्ये काय येतं ते कुणी विचारलं नव्हतं. मावशींचा जन्मच हिब्रूच्या मुलखातला. लग्न होऊन त्या इकडे आल्या होत्या. सहा दिवस आवारात फक्त हिब्रू बोलायची, असा कागद त्यांच्याकडून अंगठा उमटवायच्या जागी सही करून घेण्यात आला होता. मावशींनी तो नीट वाचला, त्यांना तो विचित्र वाटला, पण नोकरी म्हटल्यावर त्यांनी तो पाळायला घेतला. आवारातल्या बावन्न माणसांत नियम जसा लिहिला होता तसा पाळणारं माणूस हे एकच होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण भूगोलाचे सर स्वयंपाकघरात येत नसत. वाफेनं त्यांचा चष्मा धुरकट होई.

मावशींची शिकवण्याची पद्धत अशास्त्रीय होती. त्या शिकवतच नसत. त्यांना कामं उरकायची असत. 'सरक, गरम आहे' हे पहिलं वाक्य, ते एकदाच ऐकावं लागलं. दुसरं 'हे काय घासलंस? तुझं तोंड दिसायला हवं यात', तेही लवकर आलं. भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. मावशी त्याच्याकडे बोट करून 'शाओन' म्हणत, अंडी पाण्यात सोडत आणि बजावत, "शेवा दाकोत." सात मिनिटं. त्याहून कमी नाही, जास्त नाही. ज्याच्यावर घड्याळाची पाळी असेल त्यानं सात मिनिटं झाली की ओरडायचं. टकळीनं हे दोन शब्द दिवसातून इतक्या वेळा ऐकले आणि ओरडले, की पुढे उकडलेलं अंडं पाहिलं तरी ते तिच्या ओठावर येऊ लागले.

आणि एकदा बोलायला मिळालं म्हटल्यावर ती बोलतच सुटली. चुकत होतं, अडत होतं, पण गप्प बसणं तिला त्याहून जड जात असे. मावशी हसत आणि बरोबर काय ते सांगून टाकत, हात न थांबवता. तिसऱ्या दिवशी मुलं साबणावरून हिब्रूत भांडली. चौथ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांच्या चालण्याची हिब्रूत नक्कल केली (नक्कल बिनशब्दांचीच होती, टीका हिब्रूत होती). पाचव्या दिवशी टकळीनं आजोबांची सगळी गोष्ट मावशींना सांगितली. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती सगळी हिब्रूत सांगितली.

मावशी ताट पुसता पुसता थांबल्या. "रोज वर बघून म्हणतात? आणि म्हणून झालं की तुमच्याकडे बघतात?"

"हो."

"मग ते देवाशी नाही बोलत," मावशी म्हणाल्या. "तुमच्याशी बोलतात. घरी गेलीस की त्यांच्या शेजारी बस. समोर उभी राहू नकोस. जे बघतात ते तूही बघ."

त्याच दिवशी दुपारी भाषेच्या बाई भोजनगृहातून जात असताना स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या. आत चाललेलं बोलणं त्यांनी सतरा वर्षं पुस्तकात वाचलं होतं. कानानं ऐकण्याची ही पहिलीच वेळ. त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग साडीचा पदर कमरेला खोचून त्या थेट भूगोलाच्या सरांसमोर गेल्या आणि स्पष्ट, सावकाश, मातृभाषेत म्हणाल्या, "मला पण भांडी घासायची आहेत."

सरांनी बोटं मोजली. नेमके पाच शब्द भरले. नियमाला इलाज नव्हता. त्यांनी बाईंना एक पाळी दिली.

सहाव्या दिवशी दुपारी निरीक्षक आले. त्यांच्या शेऱ्यावर शिबिराची पुढची मान्यता अवलंबून होती, म्हणून मुख्याध्यापकांनी भोजनगृहात भारदस्त शांतता ठेवली होती. एक्केचाळीस मुलं ताठ बसून जेवत होती. ब्रेड मोडल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. निरीक्षक बाकांमधून हिंडले, एका मुलाच्या तोंडाशी कान नेऊन त्यांनी खात्री केली, आणि त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. तेवढ्यात मागच्या दारातून मोठा हशा ऐकू आला, पाठोपाठ सात-आठ जणांचं एकदम बोलणं आणि कुणाचं तरी गाणं.

"हा काय गोंगाट?" निरीक्षकांनी विचारलं.

"शिक्षा झालेली मुलं आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे, जीवनकौशल्यवाली. नियम न पाळणारी."

"कुठल्या भाषेत बोलतायत?"

भूगोलाच्या सरांनी कान टवकारले. "आपल्या नाही, एवढं खात्रीनं सांगतो. नाहीतर आतापर्यंत शंभर ठिपके झाले असते."

निरीक्षक दाराशी गेले. आत भाषेच्या बाई कोपरापर्यंत फेसात होत्या. "हिब्रू आहे," त्या म्हणाल्या, आणि इतकं मनापासून हसल्या की निरीक्षकांना ते कार्यालयीन शिस्तीला धरून वाटलं नाही.

निरीक्षकांनी नमुना सात उघडला आणि बोट रकान्यांवरून फिरवलं. "हिब्रू बोलल्याची नोंद कुठे करायची?"

तसा रकाना नव्हता. तिघांनी कागद उलटा करून पाहिला. निरीक्षक नियमाबाहेर जाणारे गृहस्थ नव्हते. जो रकाना लागू पडत होता तो त्यांनी भरला. सातही नावांपुढे 'गोंगाट' आणि शेऱ्यात 'अनुत्तीर्ण'. तरी शिबिराचं काम लवकर आटपावं म्हणून टोळीच्या उरलेल्या पाळ्या त्यांनी उदार मनानं माफ केल्या.

समारोपात पहिलं बक्षीस कुलूप या विद्यार्थिनीला देण्यात आलं. सहा दिवस, शून्य ठिपके. मुख्याध्यापकांनी तिला हिब्रूत दोन शब्द बोलण्याची विनंती केली. ती ध्वनिक्षेपकासमोर दोन मिनिटं शांत उभी राहिली आणि खाली उतरली. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. पालकांपैकी काहींचे डोळे पाणावले.

घरी टकळीचं प्रमाणपत्र आईनं वाचलं, मामानं वाचलं, शेजारच्या काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"नापास?" आई म्हणाली. "अगं, ब्याण्णववाली तू. सहा दिवसांत सगळं घालवून आलीस?"

टकळी काही बोलली नाही, आणि यानं आई आणखी घाबरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. आईनं गॅस बंद केला, मामा साबणासकट आला, काकू दारात उभ्या राहिल्या. टकळी मात्र स्टूल ओढून आजोबांच्या शेजारी बसली आणि ते पाहत होते तिकडे पाहू लागली. वर, समोरच्या भिंतीवर, त्यांच्याच दुकानातलं जुनं घड्याळ होतं. फोन आल्यापासून त्याच्याकडे कुणी बघत नसे. त्यात सात वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

आजोबांनी म्हणायला सुरुवात केली. पहिला शब्द होता 'शाओन'. पुढे कुठेतरी 'शेवा दाकोत' आलं, आणि टकळीच्या नाकाला उकडलेल्या अंड्याचा वास आला. मग उरलेलंही सुटं होऊन एकेक करून तिच्यापुढे उभं राहिलं. आजोबा म्हणत होते: "हे घड्याळ सात मिनिटं मागे आहे. घरात इतकी माणसं, एकालाही दिसत नाही. सगळी गाढवं भरली आहेत." शेवटच्या वाक्याला काकूंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून गुडघ्याला हात लावला.

टकळीनं सगळ्यांना अर्थ सांगितला. 

"तू नापास झालेली आहेस, बाळा," मामा मायेनं म्हणाला. याच वाक्यांच्या जोरावर तो तीन मुलाखती देऊन आला होता.

"जे नीट येत नाही त्याचे असे अर्थ काढू नयेत," काकू म्हणाल्या.

तिनं वाद घातला नाही. स्टूल भिंतीला लावलं, वर चढली आणि काटा सात मिनिटं पुढे सरकवला. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तोदा," ते म्हणाले. आभार. नंतर ते म्हणाले, "तुझ्या तोंडाचं चक्र आता बंद केव्हा होणार, म्हणून मी रोज वैतागायचो. या सहा महिन्यांत मला त्याचीच भूक लागली होती." टकळी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, आणि रडतानाही बोलत होती. दोघं दुपारच्या जेवणापर्यंत बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. आजोबांनी घड्याळ पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि ते काहीच म्हणाले नाहीत. घरावर अवकळा आली. आईच्या हातून दूध उतू गेलं. काकूंचा गुडघा संध्याकाळपर्यंत पूर्ववत झाला. मामाला त्याच दिवशी मुलाखतीचं पत्र आलं, त्यामुळे त्यानं फार विचार केला नाही. चहा झाल्यावर त्यानं कुणी नाहीसं पाहून स्टूल भिंतीला लावलं आणि काटा सात मिनिटं मागे नेला.

तेव्हापासून त्या घरात सगळं सुरळीत आहे. रोज संध्याकाळी मामा घड्याळ मागे करतो. रोज सकाळी प्रार्थना होते, सगळे हात जोडतात, मग टकळी काटा पुढे करते.

"आजोबा, तुम्हाला कळत नाही का, मामा रोज काय करतो ते?" तिनं एकदा हिब्रूत विचारलं.

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी," आजोबा म्हणाले. "यंत्र बिघडलं की माणूस, ते आवाजावरून कळतं. चालू दे. एरवी ही मंडळी सकाळी एकमेकांच्या समोर तरी येतात का? गाढवं आहेत, पण उभी छान राहतात." आणि त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थनेत एक-दोन नव्या शिव्यांची भर घातली. शेजारच्या काकूंना त्यानं साठ टक्के फरक आहे.

शिबिराला पुढच्या वर्षासाठी मान्यता मिळाली. मावशींना कामावरून कमी केलं, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातून सातत्यानं गोंगाट होत असल्याचं नोंदींत आढळलं. भाषेच्या बाई हल्ली रविवारी त्यांच्या घरी भांडी घासायला जातात, टकळी आणि ती टोळीही जाते. ही कसली शिकवणी, असं शेजारी विचारतात.

राहता राहिले आपण. हा अहवाल आपण पहिल्या ओळीपासून इथवर वाचलात. यात चार-पाच शब्द हिब्रूतले आले. ते बरोबर आहेत की चूक, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, तरी आपण दोन-तीनदा समजल्यासारखी मान हलवलीत. आणि या संपूर्ण वेळात आपण एकही शब्द तोंडातून काढला नाहीत. नमुना सातप्रमाणे आपले ठिपके शून्य भरतात. तरी आपलं हिब्रूचं प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र तयार असून, ते कार्यालयीन वेळेत येऊन घेऊन जावं. कार्यालय भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चालतं.